हंसा धर्मा, वय नऊ

खोटी बातमी ओळखण्याच्या पाच कसोट्या आहेत, आणि या पाचांवर जो बातमी घासून घेईल त्याला जगात कोणी फसवू शकत नाही. हे वाक्य माझं आहे. २००६ सालच्या दोन ऑक्टोबरला, सत्याचा दिवस म्हणून मुद्दाम तोच निवडून, वसई रोडच्या एका वाचनालयात मी ते एकवीस श्रोत्यांसमोर उच्चारलं. त्यांतले नऊ जण बाहेर ऊन होतं म्हणून पंख्याखाली बसायला आले होते. चौथी कसोटी मला ऐन वेळी आठवली नाही, तेव्हा तिसरीच वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितली. कोणाच्याही लक्षात आलं नाही. खरं म्हणजे तिथेच मला काय ते समजायला हवं होतं.

बाकीच्या अशा: बातमी कोणी दिली, कधी दिली, देणाऱ्याला कुठून कळली, आणि दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तीच दिली आहे का. ही शेवटची माझी लाडकी. एकमेकांना न ओळखणारी दोन सूत्रं एकच गोष्ट सांगत असतील तर ती मानावी, एरवी चहा पिऊन घरी जावं.

"इंटरनेटवरचं एखादं उदाहरण द्या की," पुढच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले.

माझ्याकडे उदाहरण नव्हतं. मी म्हणालो, पंधरा दिवसांनी याच जागी देतो. घरी आल्यावर बायकोला, सरोजिनीला, सांगितलं की एक खोटी बातमी पाहिजे आहे. ती म्हणाली, "पाहिजे कशाला, करा. सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त दर महिन्याला करताच ना."

मी तेव्हा अंधेरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि उमेळ्याच्या आमच्या 'नवप्रभात' सोसायटीचा सेक्रेटरी. पहिल्या कामात मला कोणी काही विचारत नसे. दुसऱ्यात सगळे सगळंच विचारत. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे एक बावखल होतं. बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडी शिंपण्यासाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, विहिरीहून मोठं आणि तलावाहून गरीब. एके काळी उमेळ्यात वाडी तिथे बावखल होतं. आमच्या तीन इमारती उभ्या आहेत तिथे दोन होती असं म्हणतात, आणि 'बी' विंगच्या तळमजल्याची ओल पाहता मला ते विश्वसनीय वाटतं. उरलेलं हे एक शत्रुघ्नचं. वाडीचा मोठा भाग त्याने बिल्डरला दिला होता. बावखल, त्याच्या काठची पंचवीस-तीस सुपारीची झाडं आणि कौलारू घर ठेवलं होतं. घरात तो, त्याची बायको, मुलगी संजना आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. त्या आईला सगळं उमेळे 'आय' म्हणायचं. नाव मलाही माहीत नव्हतं.

उदाहरणाला जागा हवी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज ते हिरवं पाणी दिसायचं, म्हणून तीच घेतली.

नाक्यावर कॉन्रॅडचं सायबर कॅफे होतं. कॉन्रॅड आठ वर्षं मस्कतला पाइपफिटर होता आणि तिथून येताना चार कॉम्प्युटर, एक टक्कल आणि कशाचंच आश्चर्य न वाटण्याची सवय घेऊन आला होता. त्याने मला देवनागरीत टाइप करायचं कसं ते दाखवलं आणि एक फुकटची वेबसाइट उघडून दिली. मी सावकाश, एका बोटाने, पुढील मजकूर लिहिला:

'उमेळे येथील बावखलावर भर दुपारी बाराच्या सुमारास नऊ वर्षांची मुलगी दिसते, असे जाणकार सांगतात. तिच्या कमरेवर कळशी असते. नाव विचारल्यास ती हंसा असे सांगते. ती कोणाला काही करत नाही. फक्त विचारते, आय जेवली का? उत्तर मिळाले नाही तर पायऱ्यांवरून पाण्यात उतरून जाते. या प्रकारास अनेक जाणकारांनी दुजोरा दिला आहे.' खाली सही, 'एक जाणकार'.

तारीख घातली नाही. आडनाव घातलं नाही. भूत मुद्दाम भर दुपारचं ठेवलं, म्हणजे लहान मुलालाही हसू यावं. पाचही कसोट्यांवर नापास होईल अशी बातमी मी आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या काळजीने तयार केली होती.

कॉन्रॅडने माझ्या खांद्यावरून वाचली. "अंकल, ती जेवली का विचारते हे भारी आहे. भुतं सहसा दुसऱ्याच्या जेवणाची चौकशी करत नाहीत."

"म्हणूनच खोटी वाटेल."

"बघू या," तो म्हणाला, आणि माझ्यासमोर पासवर्डची चौकट आणली. मी कोणालाही ओळखता येणार नाही असा पासवर्ड ठेवला. तो इतका चांगला होता की दुसऱ्या दिवशी मलाही ओळखता आला नाही.

पहिले चार दिवस त्या बातमीला कॉन्रॅड आणि मी असे दोनच वाचक होते. पाचव्या दिवशी कोणी तरी ती ई-मेलने पुढे ढकलली. ई-मेलमध्ये मुलगी नऊची अकरा वर्षांची झाली. सातव्या दिवशी एका दुसऱ्या वेबसाइटवर आली, तिथे तिला लाल परकर मिळाला. नवव्या दिवशी विरार पूर्वेच्या फुलपाड्यातल्या संग्राम नावाच्या तरुणाने लिहिलं की त्याने तिला प्रत्यक्ष पाहिलं. बाराव्या दिवशी मुंबईच्या एका सायंदैनिकाने आतल्या पानावर चौकट टाकली, 'उमेळ्यात हंसाची दहशत'. चौकटीत 'अनेक संकेतस्थळांनी दिलेल्या वृत्तानुसार' असं होतं. ती अनेक संकेतस्थळं म्हणजे मी. मी पुन्हा, आणि पुन्हा मी.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. व्याख्यानाला इतकं ताजं उदाहरण कोणाला मिळतं? सोळा तारखेला मी वाचनालयात गेलो, सगळा प्रवास तारीखवार सांगितला आणि शेवटी म्हणालो, "हा एक जाणकार आपल्यासमोर उभा आहे."

टाळ्या आल्या नाहीत. मागून एक बाई म्हणाल्या, "पण सर, पेपरात आलंय ना."

"पेपराने माझ्यावरूनच घेतलंय."

"तुम्ही असं म्हणता," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे दुसरं सूत्र आहे का?"

मी त्याच दिवशी कॉन्रॅडकडे जाऊन जुनी बातमी काढायचा प्रयत्न केला. पासवर्ड आठवेना. मग नवीन वेबसाइट उघडून खुलासा टाकला की ही बातमी मी रचली आहे. त्यावर तीन उत्तरं आली. पहिल्यात विचारलं होतं, तुम्ही कोण. दुसऱ्यात, पुरावा काय. तिसऱ्यात लिहिलं होतं की फ्लॅटचे भाव पडू नयेत म्हणून बिल्डर लोक असले खुलासे लिहून घेतात. कसोट्या लावून पाहिल्या तर तिघांचंही बरोबर होतं. माझा खुलासा पाचात नापास होता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण अठरा तारखेला, दिवाळीच्या तोंडावर, शत्रुघ्न आमच्या दारात आला. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"ओ शेक्रेटरी, इंटरनेटवाल्यांना जरा सांगा ना."

"काय सांगू?"

"आय बावखलावर जाऊन बसते. बाराला. रोज." तो उजव्या हाताने डावा खांदा चोळत होता. "संजनानं पेपर वाचून दाखवला तिला. पोरीला काय ठाऊक. मोठ्यानं वाचलान."

"पण त्या बातमीत तसं काहीच—"

"हंसा माझी भन," शत्रुघ्न म्हणाला. "मी चार वर्षांचा व्हतो. पानी आनायला गेली, पायरीवरना पाय गेला. आमी घरात नाव काढत नाय. माझ्या बायकोला ठाऊक नाय, पोरीला ठाऊक नाय. यांना कसा ठाऊक झाला?"

सरोजिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती तिथेच थांबली. मला म्हणायचं होतं की भाऊ, ते मीच लिहिलं. मी म्हणालो, "वय किती होतं?"

"नव."

ऑक्टोबरच्या उन्हात माझ्या पायाच्या तळव्यांना गार लागत होतं. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, मी नंतर स्लिपर घातल्या.

"आय म्हातारी झाली," शत्रुघ्न पुढे सांगत होता. "डोल्यांत मोतिबिंदू. त्या चार पायऱ्यांना शेवाल. काल पाय घसरून गुडघ्यापर्यंत पान्यात गेली. मी व्हतो म्हनून. मी शेतावर असतो तं?"

"घरात थांबवा ना."

"थांबवली. कडी लावली येक दिवस. त्या दिवशी जेवली नाय. आनि गंमत सांगू? वर्षभर ती धड जेवत नव्हती. डॉक्टर वरडायचा. आता पावणेबाराला ताट मागते, सगला साफ करते, आनि मंग जाते." त्याने पुन्हा खांदा चोळला. "म्हनते, जेवले नाय तं पोरीला काय सांगू."

तो गेल्यावर सरोजिनीने तांब्या टेबलावर ठेवला. "आता जाऊन खरं सांगा," ती म्हणाली. मी जायला निघत नाही हे पाहून पुढे म्हणाली, "तुम्हाला ते नाव कुठून सुचलं?"

"सुचलं."

"सुचतं म्हणजे कुठून तरीच सुचतं ना."

मी त्यावर रात्रंदिवस विचार केला असं म्हणायची पद्धत आहे. मी दुपारी विचार केला. कारण परीक्षा आटोपल्यामुळे मी कॉलेजला दुपारनंतरच जात होतो, आणि दुपार झाली की खिडकीतून ती दिसायची. पावणेबाराला शत्रुघ्नच्या मागच्या दाराची कडी वाजायची. पांढऱ्या पातळातली लहानशी आकृती सुपारीच्या खोडांना एकेक हात लावत, मोजल्यासारखी, काठापर्यंत यायची. दोन पायऱ्या उतरायची, तिसरीवर बसायची. चौथी पाण्याखाली होती. बारा वाजले की ती उजवीकडे तोंड वळवून काहीतरी बोलायची. अगदी थोडं. मग हात जोडून बसायची, आणि साडेबाराला उठायची. उठताना प्रत्येक वेळी माझा हात खिडकीच्या गजावर घट्ट व्हायचा. उजवीकडे काहीही नसायचं. मी नीट पाहत असे. काहीही नाही हे पाहायला इतकं नीट पाहावं लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या दिवसांत सरोजिनीने हाक मारून "जेवलात का?" विचारलं तरी मी दचकत असे. शेवटी ती 'पानं घेतलीत' एवढंच म्हणू लागली.

मी पडलो ग्रंथपाल. मी सूत्रं तपासायची ठरवली. माझ्या आधी कोणी तरी हंसाबद्दल लिहिलं असेल, मी ते कधी वाचलं असेल आणि विसरलो असेन. कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. शत्रुघ्नच्या वयावरून हिशेब करून १९५८ सालचे सगळे चाळले. उमेळ्याचा उल्लेख एकदाच सापडला, तो केळ्यांच्या भावाबद्दल.

मग फुलपाड्याला गेलो. प्रत्यक्षदर्शी संग्राम एका मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत बसला होता. पंचविशीतला, सभ्य मुलगा. मला बसायला स्टूल दिलं.

"तुम्ही तिला पाहिलंत?"

"म्हणजे काका, पाहिलंच म्हणजे असं... मी उमेळ्याला कधी गेलेलो नाहीये."

"मग?"

"वाचताना इतकं समोर दिसलं ना. कळशी, पाणी, ऊन. मी लिहिलं, पाहिली. लोक विचारायला लागले लाल परकर होता का. म्हटलं, होता." त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "काका, पण तुम्हीपण पत्रकार आहात का? आतापर्यंत दोन आले."

"तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"पहिल्याला सांगितलं पाहिलं नाही. त्याने छापलं नाही. दुसऱ्याला सांगितलं पाहिलं."

मला या मुलावर रागावता आलं नाही. मीही तिला त्याच पद्धतीने पाहिलं होतं. फरक एवढाच की त्याच्या लाल परकराला जगात कोणी आधार दिला नव्हता, आणि माझ्या नावाला आणि वयाला एका घराने दिला होता.

दिवाळीची सुट्टी लागल्यावर एका दुपारी मी भिंतीला वळसा घालून बावखलावर गेलो. आय तिसऱ्या पायरीवर बसलेली होती. पाण्यावर हिरवा थर, त्यावर सुपारीचं गळून पडलेलं एक झाप. मी दुसऱ्या पायरीवर बसलो. पायाखाली खरंच बुळबुळीत होतं.

"कोन?"

"मी सोसायटीचा सेक्रेटरी, आय."

"गटारवाला," ती म्हणाली. दोन वर्षांपूर्वी सोसायटीचं पावसाळी पाणी तिच्या जमिनीच्या कडेने काढायला मी परवानगी मागितली होती. तिला तेवढंच आठवत होतं.

मी तिला सगळं सांगितलं. वाचनालय, कसोट्या, कॉन्रॅड, एक बोट. ग्रंथपालाला संदर्भासकट बोलायची सवय असते, वेळ लागला. शेवटी म्हणालो, "म्हणून सांगतो आय, ते खोटं आहे. मीच रचलं. इथे कोणी येत नाही. तुम्ही उन्हात बसू नका, पाय घसरेल."

"तू पायलास काय तिला?"

"नाही. तेच सांगतोय."

"कंच्या अंगानी येते?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"मंग तुला काय ठावूक नाय," तिने शांतपणे निकाल दिला. "ती त्या बाजून येते. केलीच्या बाजून." तिने उजवीकडे हात केला. केळी कधीच्या गेल्या होत्या. तिथे आमच्या 'सी' विंगची भिंत होती. "पन नाव कोनी सांगितला तुला?"

"कोणीच नाही. सुचलं."

"वय?"

"तेही."

"आनि ता जेवनाचा?"

मी पाण्यावरच्या झापाकडे पाहिलं.

"मी पलीकड भातान असायची," आय म्हणाली. "घोव गेलेला. पोरगी पानी भरायची, भाकर आनून द्यायची. लांबना वरडायची, आये, जेवली का गो? तीच आनायची भाकर आनि तीच इचारायची. मी हसायची." तिने तोंडावरून पदर फिरवला. "त्या दिवशीपन वरडली. मी वाकलेली व्हते. मना वाटला, मंग सांगीन."

पाण्यावरचं झाप अर्धं वळलं आणि थांबलं. वारा नव्हता. मी घड्याळ पाहिलं नाही.

"आय, मी खोटं लिहिलं," मी पुन्हा म्हणालो. माझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं.

"खोटा बोललास ता मना कलला रे. त्या डाक्तराला काय कलत नाय, मना कलते. पन खोटा बोलनाऱ्यालापन कोनी तरी सांगतंच ना?"

ही सहावी कसोटी होती, आणि ती मला कोणत्याही पुस्तकात सापडलेली नाही. मी उठलो. भिंतीपाशी पोचेपर्यंत मागून आवाज आला, "जेवले गो. आज भाजी चांगली व्हती." मी वळून पाहिलं नाही. आपण वळून पाहिलं नाही हे मी नंतर बराच वेळ स्वतःला समजावत होतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात 'बी' विंगमधून ओलीची तक्रार आली. नेहमीची. गटाराचं काय झालं असा प्रश्न होता, म्हणून कपाटातून ती दोन वर्षांपूर्वीची फाइल काढली. शत्रुघ्नच्या जमिनीची कागदपत्रं तिच्यात होती. वर सातबारा. त्याला टाचलेली जुन्या फेरफाराची झेरॉक्स, म्हणजे मालक मेल्यावर वारसांची नावं चढवतात ती नोंद. तलाठ्याचं अक्षर किरटं, पण वाचता येत होतं.

'धर्मा मयत. वारस: पत्नी. मुलगी हंसा, वय ९. मुलगा शत्रुघ्न, वय ४. दोघेही अज्ञान, अ.पा.क. आई.' अ.पा.क. म्हणजे अज्ञानांचा पालनकर्ता, मुलं सज्ञान होईपर्यंत त्यांच्या वतीने सही करणारा माणूस. साल १९५८.

पानाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं 'खरी प्रत'. खाली सही माझी होती. त्या परवानगीसाठी मी त्या पानाच्या चार झेरॉक्स काढल्या होत्या आणि चारींवर सह्या केल्या होत्या. न वाचता, अर्थातच. पण डोळ्यांनी वाचलं असणार.

मी फाइल सरोजिनीसमोर ठेवली. तिने वाचलं, चष्मा काढला. "बघा," ती म्हणाली, "भूतबीत काही नाही. तुमचीच सही." तिच्या आवाजात इतका दिलासा होता की मला तिला पुढची ओळ दाखवावीशी वाटेना. पुढची ओळ नव्हतीच. हंसा मेल्याची नोंद त्या फेरफारावर नव्हती, आणि मी मुद्दाम तलाठी कार्यालयात जाऊन पाहिलं तर ताज्या सातबाऱ्यावरही नव्हती. कोणी तलाठ्याला कळवलंच नव्हतं. सरकारदरबारी हंसा धर्मा २००६ सालीही बावखलाची एक मालकीण होती आणि तिच्या वतीने आई सही करणार होती.

पण माझं काम झालं होतं. बातमीचा उगम सापडला होता, तोही कागदावर, सरकारी शिक्क्यासकट. पुढच्या रविवारी मी फाइल काखेत मारून भिंतीला वळसा घातला. या वेळी शत्रुघ्नलाही बरोबर घेतलं. कॉन्रॅड नाक्यावर उभा होता, तोही काही न विचारता आला.

आय तिसऱ्या पायरीवर होती. मी वाचून दाखवलं. नाव, वय, साल. "हे मी दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं, आय. इथूनच नाव माझ्या डोक्यात राहिलं. आणि मी ते लिहिलं. बाकी काही नाही."

"परत वाच."

मी परत वाचलं.

"सरकारनी लिवलाय?"

"हो."

"ती गेली असा लिवलाय?"

मी शत्रुघ्नकडे पाहिलं. तो सुपारीच्या खोडाकडे पाहत होता.

"नाही," मी म्हणालो. "तसं लिहिलेलं नाही."

"मी सांगितलाच नवता," आय म्हणाली. "तलाठी आलेला. मी बोलले, पोरगी भातान गेली हाय." ती जराशी हसली असावी. "मंजे पेपरवाला बोलतोय, ती हाय. आनि सरकारपन बोलतंय, ती हाय."

एकमेकांना न ओळखणारी दोन सूत्रं. मी फाइल बंद केली. पाचही कसोट्यांवर ती बातमी पास झाली होती. तपासणारी बाई मी पाहिलेल्या कोणत्याही श्रोत्यापेक्षा काटेकोर होती, आणि शंका घेण्यासारखं सूत्र या सगळ्यात एकच उरलं होतं, ते मी. ते 'आय जेवली का' कुठल्या कागदावर होतं हे मला अजूनही सापडलेलं नाही. मी आता शोधतही नाही. दुपारी मी स्वयंपाकघरात बसत नाही.

"भाऊ, आय येनारच," शत्रुघ्न हळूच मला म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. "आज ना उद्या पाय घसरनार."

आय उठायला लागली. आम्ही तिघेही एकदम पुढे झालो. तिने कोणाचाही हात घेतला नाही. हवेत काहीतरी धरायला शोधावं तसा हात फिरवला, आणि मग गुडघ्यावर रेटा देऊन वर आली.

कॉन्रॅड त्या हाताकडे बघत होता. मग पायऱ्यांकडे. त्याने टाचेने शेवाळ खरवडलं, वाकून दोन वितांनी काहीतरी मोजलं.

"शत्रुघ्नभाऊ, इथे पाइप का नाही लावला?"

"कसला पाइप?"

"धरायला."

मंगळवारी कॉन्रॅडने कॅफे बंद ठेवून पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पाइपाचा कठडा बसवला आणि शेवाळ खरवडून काढलं. अर्धा दिवस लागला.